हात ठेवला की सूर हलतो

लोणीचं खरं नाव दुकानाच्या परवान्यावर तेवढं उरलं होतं. तरुणपणी ज्या उस्तादाकडे तो दाढी-कटिंग शिकला, तो एकदा गिऱ्हाइकाला म्हणाला होता, "या पोराचा वस्तरा लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरतो." तेव्हापासून तो लोणी. सलूनच्या काचेवरही तेच रंगवलेलं होतं. बायको चारचौघांत 'अहो' म्हणायची आणि चिडली की तीही लोणी म्हणायची.

सलूनमध्ये दोन खुर्च्या होत्या. खिडकीकडची त्याची, आतली त्याच्या चुलतभावाची. कात्रीसाठी लोक दोघांकडेही बसत, पण दाढीला खिडकीकडचीच खुर्ची लागे. निदान लोणीचा तसा समज होता. अलीकडे दाढीचं गिऱ्हाईक जरा आतल्या खुर्चीकडे सरकायला लागलं होतं. 'भावाचा हात बसला आता,' असं म्हणून लोणी मनातल्या मनात खूश होत असे.

गिटारचं वेड फार जुनं. उस्तादाच्या दुकानाशेजारी एक हॉटेल होतं. तिथे वाजवणाऱ्या बँडचा गिटारवाला कार्यक्रमाआधी दाढीला यायचा. एक दिवस आपली इलेक्ट्रिक गिटार आणि छोटा स्पीकर घेऊनच आला आणि खुर्चीत बसल्या बसल्या त्याने एक तार छेडली. मग गिटारच्या खालच्या अंगाला असलेला लोखंडी दांडा त्याने हळूच दाबला. सूर घसरगुंडीवरून उतरावा तसा खाली गेला, आणि दांडा सोडल्यावर झोक्यासारखा वर आला. लोणीच्या हातातला साबणाचा ब्रश तसाच राहिला. "याला ट्रेमोलो म्हणतात," गिटारवाला म्हणाला. "सूर वाकवायचा, पण मोडायचा नाही."

त्यानंतर लग्न झालं, लेक झाली, स्वतःचं दुकान झालं. गिटार राहूनच गेली. या वर्षी लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली आणि घर एकदम ऐसपैस वाटायला लागलं. मग बायकोनेच विषय काढला. ती घरी पाळणाघर चालवायची. दिवसभर लोकांची पोरं सांभाळून संध्याकाळी सोफ्यावर बसली की तिची नजर नवऱ्याच्या उजव्या हातावर जायची. सोफ्याच्या कडेवर ठेवलेला तो हात आपला चालूच असायचा. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासायची, माळ ओढल्यासारखी.

"अहो, तुमच्या हातातच ताल आहे," ती म्हणाली. "बातम्यांनासुद्धा ताल धरणारा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. आणा एकदाची ती गिटार. नाहीतर सोफ्याला भोक पडेल."

लोणी लाजला. पण पुढचे कित्येक दिवस गिऱ्हाईक नसलं की मोबाइलवर गिटारचे व्हिडिओ बघत राहिला. पहिली गिटार कशी निवडायची, मानेला बाक आहे का कसा बघायचा, आणि मुख्य म्हणजे ट्रेमोलो कसा पारखायचा. सगळे एकच सांगत होते: दांडा दाबून सोडल्यावर सूर जिथून निघाला तिथेच परत आला पाहिजे. तसं झालं नाही तर गिटार कितीही देखणी असो, तिथेच ठेवून घरी या.

सुट्टीच्या दिवशी दोघं वाद्यांच्या दुकानात गेली. दुकान एक बाई चालवत होत्या. चष्मा डोक्यावर, खिशात पाना आणि पेचकस, बोलणं तुटक पण गोड. भिंतीवर गिटारी ओळीने टांगलेल्या होत्या. बायकोला त्यातली लाल भडक आवडली.

"रंगावर जाऊ नकोस," लोणी म्हणाला. आज तो तज्ज्ञ होता.

"बरं बाई, नाही जात. लग्नाच्या वेळीही मी रंगावर गेले नव्हते."

दुकानवाल्या बाई हसल्या आणि लालच गिटार काढून त्याच्या मांडीवर दिली. गिटारच्या डोक्यावर त्यांनी चिमट्यासारखा छोटासा ट्यूनर अडकवला. त्याच्या पडद्यावर एक सुई होती. सूर बरोबर असला की ती मधोमध उभी राहायची, नसला की डावी-उजवीकडे झुकायची. बाईंनी तारा जुळवून दिल्या. लोणीने जाड तार छेडली, सुई मध्ये आली. दांडा दाबला, सोडला, पुन्हा छेडली. सुई डावीकडेच अडकून बसली.

"नाही आला परत," लोणी म्हणाला.

"नाहीच येणार. तार वरच्या खाचेत अडकते. नवशिक्यांच्या स्वस्त गिटारींत असं फार असतं," बाई म्हणाल्या. आता त्या त्याच्याकडे जरा आदराने बघत होत्या. त्यांनी दुसरी गिटार काढली, फिकट निळी. "ही बघा. हिचा ब्रिज तरंगता आहे. म्हणजे तारा जिथे खाली येऊन बसतात ती पट्टी लाकडाला टेकलेली नाही. पुढून तारा ओढतात, मागून स्प्रिंगा ओढतात, मधल्या मध्ये ती तोललेली राहते. म्हणून दांडा खालीही जातो आणि वरही. पण फार नाजूक काम. तराजूच समजा."

लोणीने छेडलं, दाबलं, सोडलं. सुई गेली आणि बरोबर मधोमध परत आली. पुन्हा केलं, पुन्हा आली. त्याने मान वर करून बायकोकडे बघितलं. परीक्षेत पहिला आलेल्या पोराचा चेहरा झाला होता त्याचा.

"आता जरा वाजवतात तशी धरा," बाई म्हणाल्या. "तळहाताची कड ब्रिजवर टेकवा, हलकीच. आणि अंगठ्याने तार सोडा."

त्याने हात टेकवला आणि तार सोडली. सूर निघाला तो थरथरतच.

तिघांनीही तो ऐकला. पाण्यात दिव्याचं प्रतिबिंब हलावं तसा तो हलत होता. सुई मधोमध ठरेना, इकडून तिकडे पळत होती.

"दांडा दाबू नका," बाई म्हणाल्या.

"मी हातच लावलेला नाही दांड्याला."

बाईंनी वाकून बघितलं. खरंच, दांडा मोकळा लोंबत होता. "स्प्रिंग सैल असेल," म्हणून त्यांनी गिटार उलटी केली, मागचं झाकण काढलं, पेच पिळून बघितले, आणि मग स्वतः हात टेकवून तार छेडली. सूर सरळ गेला, काठीसारखा. त्यांनी गिटार परत दिली. लोणीने हात टेकवला. सूर थरथरला.

"हीच बिघडलेली असेल," लोणी म्हणाला. त्याच्या आवाजात अजून काळजी नव्हती, नाराजी होती. बाईंनी तसल्याच ब्रिजची तिसरी गिटार दिली. तिथेही तेच.

बायकोला मात्र गंमत वाटत होती. "अहो बाई, ती गिटार नाही बिघडलेली, तो यांचा ताल आहे! घरीही असाच चालू असतो. टीव्ही बघताना, जेवून बसल्यावर, सारखा."

दुकानवाल्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा डोक्यावरून खाली, नाकावर घेतला.

"दादा, हात उचला," त्या म्हणाल्या. लोणीने उचलला. "आता मी तार छेडते." सुई मधोमध उभी राहिली. "आता ठेवा. काही करू नका, नुसता ठेवा."

त्याने हात ठेवला. सुई पळायला लागली.

"थांबवा बघू."

लोणीने थांबवायचं ठरवलं. हात आपलाच, त्यात काय एवढं. त्याने मनगट घट्ट केलं, क्षणभर सुई स्थिर झाली, आणि जरा सैल पडताच पुन्हा पळू लागली. तो सुईकडे बघत राहिला. आपल्या अंगातलं काहीतरी आपल्याला न विचारता चालू आहे, आणि ते एका परक्या दुकानात, एका एवढ्याशा पडद्यावर सगळ्यांना दिसतंय, हे त्याच्या डोक्यात शिरेना. भिंतीवरच्या गिटारी एकदम लांब गेल्यासारख्या वाटल्या.

"तुम्ही काम काय करता?" बाईंनी विचारलं.

"दाढी," लोणी म्हणाला. "वस्तऱ्याने दाढी करतो."

बाईंनी हळूच गिटार त्याच्या मांडीवरून काढून घेतली. "डॉक्टरांना दाखवा एकदा. गिटार कुठे पळून जात नाही, मी ठेवते बाजूला."

रस्त्याने बायकोने त्याचा उजवा हात स्वतःच्या हातात घट्ट धरला होता. हात धरून रस्त्याने चालायचं वय जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. घराच्या जिन्यात ती थबकली.

"मी हसत होते," ती म्हणाली. "रोज बघत होते आणि हसत होते. शेजारणींना सांगत होते, आमच्या ह्यांना ताल आहे म्हणून."

"तुला काय माहीत?"

"पोरांना नुसतं शिंकताना ऐकलं तरी मला कळतं कोणाला ताप येणार आहे. आणि घरचा माणूस..." किल्ली तिने लोणीच्या हातात दिली, आणि कुलपात घालताना त्याचा हात जराही हलला नाही. तेच दोघांना जास्त भयंकर वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचं की नाही, यावर लोणीने पुष्कळ विचार केला आणि शेवटी सवयीने उघडलं. पहिलं गिऱ्हाईक हेडमास्तर. आता निवृत्त झाले होते, पण नाव तेच राहिलेलं. लोणीने उस्तादाचं दुकान सोडलं तेव्हा जे त्याच्या मागोमाग आले, त्यांतले ते एक. ते खिडकीकडच्या खुर्चीत बसले, डोकं मागे टेकलं, डोळे मिटले. लोणीने साबण फेसला. वस्तऱ्यात नवीन पातं घातलं. उजवा गाल झाला. हात नेहमीसारखाच चालला, लोण्यातून सुरी. मग हनुवटी वर करून तो गळ्याशी आला.

कातडीखाली शीर उडत होती. हजारो वेळा पाहिलेली शीर. आज पहिल्यांदाच त्याला ती दिसली. वस्तरा कातडीपासून वीतभर अंतरावर थांबला. हात हलत नव्हता. पण हलला तर? आता या क्षणी नाही, पण टेकवला की? त्याने वस्तरा मिटला आणि आरशाखाली ठेवून दिला.

"काय झालं?" हेडमास्तरांनी एक डोळा उघडला.

"मास्तर, माझ्याच्याने नाही व्हायचं."

"अहो, पण अर्धी दाढी घेऊन मी जाऊ कुठे? लोक म्हणतील, भांडून उठला."

आतल्या खुर्चीचा चुलतभाऊ हातातलं काम टाकून पुढे आला. लोणीने वळून त्याच्याकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं त्याने तो जागीच गार पडला. भाऊ चकित झालेला नव्हता.

"तुला माहीत होतं?" लोणीने विचारलं.

भाऊ नॅपकिनची घडी घालायला लागला. घातलेली मोडून परत घालायला लागला. "हात हलतो ते दिसायचं. गिऱ्हाईक नसलं, तू पेपर वाचत बसलास की पेपर फडफडायचा. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"दादा, राहू दे ना."

"काय वाटलं सांग!"

उत्तर हेडमास्तरांनी दिलं. फेस लावलेल्या तोंडाने, सरळ आरशात बघत. "आम्हाला वाटलं, तुम्ही पिता."

लोणी खाली बसला. गिऱ्हाइकांच्या बाकावर, मासिकांच्या गठ्ठ्यावरच. त्याने आयुष्यात दारूच्या थेंबालाही स्पर्श केला नव्हता. चुलतभावाच्या लग्नात प्यायलेल्या एका मामाला त्याने स्वतः उचलून बाहेर ठेवलं होतं. आणि सगळ्या वस्तीने ठरवून टाकलं होतं की लोणी पितो. म्हणून गिऱ्हाईक आतल्या खुर्चीकडे सरकलं होतं. भावाचा हात बसला म्हणून नव्हे.

"आणि तरी तुम्ही माझ्याकडे येत राहिलात?" त्याने हेडमास्तरांना विचारलं. "पिणाऱ्याच्या हाताखाली मान दिलीत?"

"मी सकाळी यायचो," हेडमास्तर म्हणाले. "म्हटलं, सकाळी तरी शुद्धीवर असेल माणूस."

भावाला हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यात लपवलं. लोणीला मात्र हसावं की कोणाच्या तरी कानाखाली वाजवावी ते कळेना. "विचारायचं तरी एकदा," तो म्हणाला. "एवढी वर्षं गालाला हात लावतो मी तुमच्या. एकाच्याही तोंडून निघालं नाही?"

हेडमास्तरांनी मान खाली घातली. फेसाचा गोळा त्यांच्या छातीवरच्या कापडावर पडला. "चुकलंच," ते म्हणाले. "लाज वाटली. तुमची नाही, विचारायची."

उरलेली दाढी भावाने केली. लोणी बाकावर बसून उजवा हात डाव्या हाताखाली दाबून बघत राहिला. हात खालून, पिंजऱ्यातल्या पाखरासारखा, धडपडत होता.

डॉक्टरांनी त्याला फारसं काही विचारलं नाही. खोलीतून चालायला लावलं, बोटं उघडमीट करायला लावली, एक वाक्य कागदावर लिहायला सांगितलं. वाक्य जसजसं पुढे गेलं तसतशी अक्षरं बारीक होत गेली. चालताना डावा हात झुलतो आणि उजवा नुसता लोंबतो, हे डॉक्टरांनी दाखवलं तेव्हा बायकोने तोंडावर पदर धरला. तेही तिने रोज पाहिलेलं होतं.

"याला कंपवात म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "हात कामात असला की शांत राहतो, रिकामा ठेवला की हलतो. म्हणून काम करताना तुम्हाला कळलं नाही. आत्ताशी सुरुवात आहे. बरा होत नाही, पण औषधाने आटोक्यात राहतो. पुष्कळ लोक पुष्कळ वर्षं नीट जगतात. तुम्हाला कळलं कसं?"

"गिटार घ्यायला गेलो होतो," लोणी म्हणाला.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग शिका की. बोटं चालती राहतील."

गोळ्या सुरू झाल्या. सुरुवातीला मळमळ, मग हळूहळू हात थोडा निवळला, पूर्ण नाही. लोणीने कात्री आणि मशीन स्वतःकडे ठेवली, वस्तरा भावाला दिला. काचेवर त्याने कसलीही पाटी लावली नाही. जो येईल त्याला तोंडानेच सांगायचं असं ठरवलं. "मला कंपवात झालाय, दाढीला आतल्या खुर्चीवर बसा." काही जण गडबडून 'हो हो' म्हणत. काही जणांचे चेहरे उतरत, आणि ते कशामुळे हे लोणीला आता लगेच कळायचं. एक जण तर घरी जाऊन बायकोला घेऊन आला आणि दोघांनी हात जोडून माफी मागितली. ती दोघं आपल्याबद्दल काय काय बोलली असतील, या विचाराने लोणीचा उरलेला दिवस वाईट गेला. माणसं आपल्याला ओळखतात असं समजून तो एवढी वर्षं जगला होता. आता कोणी 'कसं काय लोणी' म्हणालं तरी तो त्याच्या डोळ्यांत बघायचा आणि मग उत्तर द्यायचा.

गिटार आणायला तो एकटाच गेला. दुकानवाल्या बाईंनी निळी गिटार खरंच बाजूला ठेवली होती. त्याने काय झालं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, 'अरेरे' वगैरे केलं नाही.

"तुम्हाला दोन रस्ते आहेत," त्या म्हणाल्या. "एक, पक्क्या ब्रिजची गिटार घ्या. हात कितीही टेकवा, सूर हलणार नाही. पण दांडा नाही मिळणार."

"दांड्यासाठीच तर आलो."

"मग दुसरा." त्यांनी निळीचं मागचं झाकण काढलं, आत एक स्प्रिंग वाढवली आणि पेच आवळत गेल्या, पुढे ब्रिज लाकडाला टेकेपर्यंत. "आता ही तरंगत नाही. लाकडावर बसली. दांड्याने सूर फक्त खाली जाईल, वर ओढता येणार नाही. अर्धं सुख म्हणा."

लोणीने गिटार मांडीवर घेतली. हात टेकवताना त्याने डोळे मिटले, कारण सुईकडे बघायची त्याची छाती होईना. तार सोडली. सूर सरळ गेला. हात आपला हलतच होता, पण सूर हलला नाही. मग त्याने दांडा दाबला. सूर खाली उतरला, आणि सोडल्यावर जागेवर आला. डोळे उघडले तेव्हा बाई पाठ फिरवून दुसऱ्या गिटारीची धूळ पुसत होत्या.

घरी पोरं आपापल्या आयांबरोबर गेल्यावर त्याने गिटार काढली. छोटा स्पीकर खुर्चीवर ठेवला. डाव्या हाताची बोटं तारांवर दुखत होती, एक सूर धड निघत होता तर दुसरा बुजत होता. बायको समोर भाजी निवडत बसली होती. तिची बोटं थांबली होती आणि नजर त्याच्या उजव्या हातावर होती.

"बघू नकोस सारखी," तो म्हणाला.

"कुठे बघतेय?"

"बघतेयस. दुकानातून आलो तेव्हापासून बघतेयस. जेवताना बघतेस, झोपताना बघतेस. हात जाईल पळून असं वाटतं का तुला?"

तिचे डोळे भरून आले, पण पाणी खाली पडलं नाही. मग ती उठली, आपली खुर्ची दोन्ही हातांनी उचलून वळवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. भाजीची परात पुन्हा मांडीवर घेतली.

"वाजवा आता," ती भिंतीला म्हणाली.